मिठाच्या बदल्यात बंदर

मुरगाव बंदराचा इतिहास सांगणारे लेख बहुधा पहिल्या धक्क्यापासून सुरू होतात. लाटा अडवणारा बांध कधी झाला, पहिली आगगाडी कधी सुटली, मग बोटींची नावे आणि मालाचे आकडे. हा लेख मी जरा आधीपासून सुरू करणार आहे. या बंदराचा जन्म झुआरीच्या मुखाशी झालाच नाही. तो लिस्बनमध्ये, २६ डिसेंबर १८७८ रोजी, इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्या व्यापारी करारात झाला. त्या करारात बंदराचे आणि रेल्वेचे कलम आहे खरे, पण इंग्रजांचा जीव अडकला होता तो मिठाच्या कलमात.

जागा उत्तम आहे हे पोर्तुगीजांना फार आधीपासून ठाऊक होते. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळचा वाळूचा उंचवटा पावसाळ्यात जहाजांना आत येऊ देत नाही. मुरगावचे भूशिर मात्र नैर्ऋत्येचा वारा स्वतःच्या अंगावर घेते आणि त्याच्या आडोशाला बारमाही खोल पाणी मिळते. १६२४ मध्ये इथे किल्ल्याचे काम सुरू झाले. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांची माणसे जुवे बेटावर उतरली आणि जुन्या गोव्याच्या तोंडचे पाणी पळाले. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने राजधानीच मुरगावला हलवायचे ठरवले. हुकूम सुटले, इमारती उठू लागल्या, एका व्हाइसरॉयने काही काळ मुक्कामही केला. पुढे उत्साह ओसरला आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला गेला. मुरगावच्या वाट्याला किल्ला, चर्च, मासेमारी आणि जुन्या मनसुब्याचे अवशेष राहिले.

१८७० च्या दशकातला गोवा म्हणजे तिजोरीत खडखडाट आणि घरटी एक माणूस परदेशी. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावांच्या सामाईक बिऱ्हाडांत, सासष्टी-बार्देशचे तरुण दाटीवाटीने राहात होते. विकायला होते ते नारळ, सुपारी, काजू, सुकी मासळी आणि मीठ. सरहद्दीवर दोन्ही बाजूंनी जकातीची नाकी, म्हणजे घाटावर जायचे तर एकाच मालाचा दोनदा पंचनामा. ही कोंडी फोडायची तर जमीन आणि व्यापार मोकळे करा, असे सांगणारा माणूस गोव्यातच होऊन गेला होता. नावेलीचा फ्रांसिश्कु लुईश गोमिश लिस्बनच्या संसदेत गोव्याचा प्रतिनिधी होता. जमिनीच्या स्वातंत्र्यावर त्याने १८६२ मध्ये पुस्तक लिहिले आणि अर्थशास्त्रावर फ्रेंचमध्ये एक ग्रंथही. १८६९ मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी तो वारला. करार झाला तेव्हा तो असता तर कुठल्या बाजूने बोलला असता, याची मला नेहमी उत्सुकता वाटते. मोकळ्या बाजारावर त्याचा खरोखर विश्वास होता, म्हणून मिठाच्या कलमावर त्यानेच सर्वांत जास्त आवाज उठवला असता असा माझा कयास आहे.

आता शेजाऱ्याच्या घरात डोकावू. इंग्रज सरकारच्या उत्पन्नात मिठाचा कर ही मोठी बाब होती. उत्तर हिंदुस्थानात करबुडवे मीठ अडवण्यासाठी हजारो मैलांची जकात-रेषा आखली होती आणि तिच्या बऱ्याच भागावर काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण वाढवले होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७९ मध्ये, ही रेषा मोडली. कुंपण काढायचे तर मीठ जिथे तयार होते ती ठिकाणेच ताब्यात हवीत, हे साधे गणित. म्हणून जयपूर-जोधपूरकडून सांभर सरोवर आधीच भाडेपट्ट्याने घेतले होते आणि १८७९ मध्ये राजपुतान्यातल्या संस्थानांशी एकामागून एक मिठाचे करार झाले. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत कर वाढवून मणाला अडीच रुपये केला होता. जे मीठ काही आण्यांत तयार होते त्यावर अडीच रुपये कर! एवढा फरक असला की चोरटा व्यापार कुणी शिकवावा लागत नाही.

आणि पश्चिम किनाऱ्यावर, मुंबई इलाख्याच्या पोटात, एक परकी सत्ता बसली होती जिच्या खाडीकाठी मीठच मीठ पिकत होते.

गोव्याचे मिठागर ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पाऊस सरला की खाजनाचे बांध दुरुस्त करतात आणि मानशीची फळी उचलून भरतीचे पाणी आत घेतात. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात असे फिरवत, दर टप्प्याला जरा आटवत शेवटच्या वाफ्यापर्यंत आणायचे. त्या वाफ्याची जमीन आधी पायांनी तुडवून, चोपून चिकणी करावी लागते, नाहीतर मिठात चिखल उतरतो. माघापासून उन्हे तापली की मीठ धरू लागते. फळीने ओढून काठावर ढीग घालायचे आणि वळवाच्या आत झावळ्यांखाली झाकायचे. पेडण्यातले आगरवाडा, बार्देशातले हडफडे आणि नेरूल, रायबंदरच्या बाजूची आगरे यांवर हजारो कुटुंबांचे अर्धे वर्ष निघे. रामघाट, चोर्ला, अनमोड या वाटांनी लमाणांचे बैल मीठ घेऊन वर जात आणि धान्य घेऊन खाली येत. गोव्याच्या दृष्टीने हा शेकडो वर्षांचा व्यापार. कलकत्त्याच्या इंग्रज सरकारच्या दृष्टीने हीच तस्करी.

लिस्बनमध्ये बोलणी झाली ती दोन विद्वान माणसांमध्ये. पोर्तुगालचा परराष्ट्रमंत्री जुआंव द आंद्राद कॉर्व्हु मूळचा प्राध्यापक, शेतीशास्त्रात गती असलेला, कादंबरीही लिहिलेला. इंग्रज वकील रॉबर्ट मोरिअर पक्का मुक्त व्यापारवादी. रिचर्ड कॉब्डेनच्या नावाने चालणाऱ्या क्लबच्या ग्रंथात त्याचा प्रशियातल्या जमीन कायद्यांवर निबंध आहे. इंग्लंडशी गोडीने राहिलो, वसाहतींची दारे व्यापाराला उघडली तरच पोर्तुगालचे साम्राज्य टिकेल, हे कॉर्व्हुचे ठाम मत होते. आफ्रिकेत लोरेंसु मार्किशच्या बंदराबद्दलही तो याच मोरिअरशी वाटाघाटी करत होता. थोडक्यात, दोघे एकाच पंथाचे. पंथ एक असला तरी बळ सारखे नव्हते, आणि कराराच्या कलमांत हा फरक ठळक उतरला आहे.

ठरले ते असे. गोवा आणि इंग्रजी मुलूख यांच्या मधली जमिनीवरची जकात उठवायची. समुद्रमार्गे येणाऱ्या मालावर दोन्हीकडे एकच दर, उत्पन्नाची ठरल्या प्रमाणात वाटणी. दोन्हीकडच्या प्रजेला व्यापाराची सारखी मोकळीक. गुन्हेगार एकमेकांच्या हवाली करायचे. मुरगावला बंदर आणि तिथून सरहद्दीपर्यंत रेल्वे बांधण्यास पोर्तुगालने परवाना द्यायचा, आणि ती पुढे इंग्रजी जाळ्याला जोडली जाईल हे इंग्रजांनी पाहायचे. इथपर्यंत सगळे मोकळ्या व्यापाराच्या पोथीतले. पण मीठ, दारू, अफू आणि हत्यारे यांना हा मोकळेपणा लागू नाही! मिठाच्या उत्पादनावर आणि विक्रीवर ताबा इंग्रज सरकारचा, आणि भरपाई म्हणून पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये. दारूबाबत मुंबई इलाख्याची अबकारी पद्धत गोव्याने स्वीकारायची. मुंबईचा अबकारी कायदाही १८७८ चाच. कराराची मुदत बारा वर्षे.

म्हणजे जो माल शेजाऱ्याला गोव्यातून विकायचा होता तो मोकळा, आणि जो माल गोव्याला शेजाऱ्याकडे विकायचा होता त्यावर कुलूप. आवळा देऊन कोहळा काढणे ते हेच.

तरीही कॉर्व्हुला मूर्खात काढायला माझी तयारी नाही. त्याचा हिशोब कागदावर मांडून पाहा. मुरगावच्या रेल्वेसाठी लंडनमध्ये कंपनी निघाली, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे, आणि १८८१ मध्ये तिच्याशी करारनामा झाला. कंपनीच्या आठ लाख पौंडांच्या भांडवलावर पोर्तुगीज सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली. आठ लाखांचे पाच टक्के म्हणजे चाळीस हजार पौंड. रुपयाला दोन शिलिंग या जुन्या भावाने चार लाख रुपयांचे किती होतात? बरोबर चाळीस हजार पौंड. मिठाची भरपाई रेल्वेच्या व्याजात जायची आणि पदरचा छदाम न घालता गोव्याला बंदर आणि रेल्वे मिळायची. स्वतःच्या ताकदीवर पणजीच्या सरकारला असे बंदर पुढच्या पन्नास वर्षांत बांधता आले नसते.

मेख होती ती रुपयात. भरपाई रुपयांत यायची आणि हमी पौंडांत भागवायची. जगात चांदी स्वस्त होत चालली होती, आणि रुपया चांदीचा. करार झाला तेव्हाच दोन शिलिंगांचा भाव मागे पडला होता आणि मुदत संपेतो रुपया सोळा-सतरा पेन्सांवर उतरला. सोळा पेन्सांच्या भावाने चार लाख रुपयांचे जेमतेम सव्वीस-सत्तावीस हजार पौंड होतात. दरम्यान घाटातले काम अंदाजाबाहेर गेले, आणखी साडेपाच लाख पौंडांचे भांडवल उभारावे लागले आणि त्यावर हमी सहा टक्के. दोन्ही मिळून वर्षाची देणी त्र्याहत्तर हजार पौंड, म्हणजे पडत्या भावाने जवळजवळ अकरा लाख रुपये. यातून रेल्वेची निव्वळ मिळकत वजा करायची. पण वजा करण्यासारखी मिळकत आधी व्हायला हवी ना!

अंमलबजावणीचे तपशील ठरवायला लिस्बनहून आंतोनियु आवगुश्तु द आगियार आला. तो रसायनशास्त्रज्ञ, पुढे पोर्तुगालचा सार्वजनिक बांधकाममंत्री झाला. १८८० च्या जानेवारीत करार लागू झाला आणि आगरांवर इंग्रजी मीठखात्याचे पहारे बसले. किती पिकवायचे, कुठे साठवायचे, कुणाला द्यायचे हे आता गावकारी किंवा जमीनमालक भाटकार ठरवत नव्हता. काही आगरे बंद पडली, उरलेल्यांच्या मागे हिशोबाच्या वह्या लागल्या. ज्याच्या दारात मीठ पिकत होते त्यालाच ते महाग झाले. मासळी खारवणाऱ्या बायकांपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळीकडे त्याची झळ गेली. माडाचेही तेच. पूर्वी रेंदेर माडाला दामोणे म्हणजे मडके बांधी, सूर काढी आणि भाटकाराशी हिशोब करी. आता मुंबईच्या धर्तीवर झाडागणिक कर आणि भट्टीवर देखरेख आली. मुंबई-ठाण्याच्या भंडाऱ्यांनी हा कायदा आपल्याकडे सोसलाच होता; गोव्याच्या रेंदेरांवर तो दुसऱ्या देशाच्या सोयीसाठी आला. मुंबईच्या बोटीत चढणाऱ्यांत त्यांची भर पडली.

जकातीच्या वाटणीतही गंमत झाली. मँचेस्टरच्या कापड गिरण्यांच्या दबावाखाली हिंदुस्थान सरकार आयात जकात कमी करत आले होते. लिटनने १८७९ मध्ये आपल्या कौन्सिलमधल्या बहुमताचा विरोध डावलून जाड्या कापडावरची जकात उठवली. रिपनच्या काळात, १८८२ मध्ये, मीठ आणि दारूसारखे अपवाद सोडून आयात जकात जवळजवळ साफ गेली. मिठावरचा कर त्याच वर्षी दोन रुपयांवर आणला खरा, पण तोही १८८८ मध्ये पुन्हा अडीचवर चढला. गोव्याचे दरपत्रक आता शेजाऱ्याशी बांधलेले. मोठ्या घराने जकात सोडली तर त्याच्याकडे जमीनमहसूल, अफू, मीठ अशी भरपूर साधने होती. लहान घराकडे काय होते? पणजीच्या तिजोरीला बंदरावरच्या जकातीचा आधार सर्वांत मोठा. तत्त्व एकच, पण ते पाळण्याची किंमत दोघांना वेगवेगळी पडली.

बंदराचे आणि रेल्वेचे काम मात्र झपाट्याने झाले, आणि त्याबद्दल हातचे न राखता कौतुक करायला हवे. मुरगावच्या टोकाशी लाटा अडवणारा बांध, त्याच्या आत धक्के, धक्क्यापर्यंत थेट रूळ. बोटीतला माल उचलून डब्यात टाकायचा, मधे पडाव नाही की हमालांची दुसरी खेप नाही. त्या काळी या किनाऱ्यावर ही सोय दुर्मीळ होती. मीटर गेजचा मार्ग मडगाव, सावर्डे, कुळे करत ब्रागांझा घाटाने दूधसागराच्या अंगावरून कॅसलरॉकला चढतो. १८८७ च्या आरंभी सावर्ड्यापर्यंत गाडी आली आणि १८८८ च्या फेब्रुवारीत कॅसलरॉकपर्यंत पोहोचली. पुढे सदर्न मराठा रेल्वे लोंढ्यावरून धारवाड-हुबळीकडे तयार होती. ही दुसरी कंपनी १८७६-७८ च्या दुष्काळातून निघालेली. धारवाड, विजापूर, बळ्ळारी भागात माणसे अन्नावाचून मेली, कारण बंदरात उतरलेले धान्य वर नेण्याची सोय नव्हती. त्या मुलखाला समुद्र मिळावा हा हेतू खोटा नव्हता. मुरगावचा मार्ग हा त्यावरचा सर्वांत जवळचा इलाज होता.

याची किंमत कारवारने मोजली, हे सहसा कुणी सांगत नाही. १८६२ मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्यात आला तो बराचसा कारवारच्या बंदरासाठी. धारवाडचा कापूस तिथून निघेल, हुबळीपर्यंत रेल्वे होईल, अशी स्वप्ने मुंबईच्या व्यापाऱ्यांनी रंगवली होती. मुरगावचे ठरले आणि कारवारची रेल्वे कायमची बारगळली. इंग्रजांनी स्वतःच्या मुलखातले बंदर सोडून परक्याचे निवडले, कारण परक्याच्या बंदराच्या भांडवलाची हमी आणि जोखीम परक्याच्या माथ्यावर होती. ही चतुराई मान्य केलीच पाहिजे.

आता गाड्या सुरू झाल्या, माल मात्र अपेक्षेइतका आला नाही. मुरगावच्या रेल्वेची लांबी जेमतेम पन्नास-एक मैल; तिच्या डब्यांत जे पडायचे ते कॅसलरॉकच्या पलीकडून यायला हवे. पलीकडचे भाडे ठरवणारे दुसरे. पुण्याकडून लोंढ्यापर्यंत रूळ आले तेव्हा दक्षिण महाराष्ट्राच्या कापसाला आणि गळिताच्या धान्याला मुंबईची वाटही खुली झाली. मुंबईत गिरण्या, पेढ्या, विम्याच्या कचेऱ्या, महिन्याला डझनावारी जहाजे. व्यापारी माल तिथेच नेतो जिथे गिऱ्हाईक आणि जहाज दोन्ही तयार असते. धक्का चांगला असणे एवढ्याने बंदर चालत नाही, हे मुरगावला फार महागात शिकावे लागले.

त्यात ११ जानेवारी १८९० रोजी आफ्रिकेतल्या मुलखावरून इंग्लंडने पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता धाडला. लिस्बनच्या रस्त्यांवर संतापाचा डोंब उसळला. कॉर्व्हुने ज्या मैत्रीच्या भरवशावर सगळे आखले होते ती अशी चव्हाट्यावर आली. करार बारा वर्षे पुरी करून १८९२ च्या जानेवारीत संपला. नूतनीकरण झाले नाही. कलकत्त्यालाही चार लाख देऊन हाती फारसे पडत नव्हते. मीठ खाते उठले, आगरे मोकळी झाली. पण बारा वर्षांत तुटलेली गिऱ्हाइके परत आली नाहीत, कारण सरहद्दीवर जकातीचे नाके पुन्हा उभे राहिले. कॅसलरॉकला इंग्रजांची झडती, कुळ्याला पोर्तुगीजांची. पुढची सहा-सात दशके या मार्गावरच्या प्रवाशाने वळकटी सोडून दाखवली, फेणीच्या बाटल्या घोंगडीत लपवल्या आणि शिपायाच्या हातावर चिरीमिरी ठेवली. जुन्या माणसांच्या गप्पांत दूधसागरापेक्षा या झडतीची वर्णने रंगतात.

करार गेला, चार लाख गेले, व्याजाची हमी मात्र राहिली. कंपनी लंडनची, तिचे भागधारक लंडनचे, त्यांना मुदतीवर व्याज हवे. सवलत मागणारा शेजारी निघून गेला तरी सवलतीपोटी काढलेले कर्ज घरातच राहिले. माझ्या मते कराराचा खरा दोष इथे आहे. बारा वर्षांच्या उत्पन्नावर त्याहून कितीतरी लांब मुदतीची देणी उभी केली गेली. मोकळा व्यापार चांगला की वाईट यावर गोव्यात पुष्कळ शाई सांडली गेली. करारातल्या मुदती एकमेकींशी जुळवून घेण्याकडे त्या मानाने फारच कमी लोकांचे लक्ष गेले.

मधला काळ भराभर सांगतो. १९०२ मध्ये मुरगावची रेल्वे चालवायचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेले आणि १९०८ नंतर मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे. मालकी एकाची, परवाना दुसऱ्याचा, गाड्या तिसऱ्याच्या, असा कारभार. बंदराशेजारी वास्को द गामा हे नवे गाव वाढले. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ. म्हणून एरेनफेल्स, द्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही जर्मन जहाजे आणि आन्फोरा हे इटालियन जहाज मुरगावच्या आश्रयाला आली. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्सचे हौशी घोडेस्वार एका गाळ काढणाऱ्या बोटीतून आले आणि एरेनफेल्सवर चढले. बाकीच्या जहाजांच्या खलाशांनी आपली जहाजे स्वतःच पेटवून बुडवली. तटस्थ बंदराची तटस्थता शेजाऱ्याला किती चालते, याची त्या रात्री परीक्षा झाली. लिस्बनने ओरड फारशी केली नाही.

आणखी एक गिऱ्हाईक १९४७-४८ मध्ये येऊन गेले. चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या हैदराबादच्या निजामाला स्वतंत्र राहायचे होते आणि त्यासाठी समुद्र हवा होता. मुरगावचे बंदर आपल्याला मिळावे म्हणून त्याच्या माणसांनी पोर्तुगीजांशी बोलणी चालवली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि विषय संपला. ती बोलणी सफळ झाली असती तर मराठवाड्याचे आणि गोव्याचे काय झाले असते, या विचारानेही अंगावर काटा येतो.

१९४७ नंतर शेजारी नवी दिल्ली, आणि मागणी सवलतीची नव्हे तर चालते होण्याची. १९५५ मध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाला, घाटातली रेल्वे बंद पडली, आर्थिक नाकेबंदी आली. आता जे झाले ते कॉर्व्हुलाही चक्रावून टाकते. पोर्तुगालच्या सालाझारसारख्या हुकूमशहाने गोव्याचा बाजार सताड उघडला. बटाटे हॉलंडहून येऊ लागले, पणजीच्या दुकानांत मुंबईत न मिळणारी घड्याळे, दारू आणि कापड दिसू लागले, दाभोळीला विमानतळ झाला. पैसा आला लोहखनिजातून. खाणींचे पट्टे खाजगी माणसांना दिले होते. चौगुले, धेंपे, साळगावकर यांनी ते चालवले आणि जपानच्या पोलाद कारखान्यांनी माल उचलला. सरहद्द बंद असली तरी मांडवी-झुआरी उघड्या होत्या. नदीकाठच्या धक्क्यांवर बार्ज भरायचे, भरतीबरोबर मुरगावला आणायचे आणि बोटीत ओतायचे. रेल्वेसाठी बांधलेले बंदर रेल्वे बंद असताना पहिल्यांदा भरभरून चालले.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय नौदलाच्या बेतवा आणि बियास यांनी या बंदराच्या परिसरात पोर्तुगीजांच्या आफोंसु द आल्बुकेर्क या युद्धनौकेवर तोफा डागल्या, तिला किनाऱ्याला लागणे भाग पडले आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. रेल्वे पुन्हा सुरू झाली. १ जुलै १९६४ रोजी मुरगाव पोर्ट ट्रस्ट स्थापन झाले आणि कंपनी-हमीचा गुंता एकदाचा सुटला. दिल्लीने एक शहाणपण मात्र दाखवले. देशात इतरत्र लोहखनिजाची निर्यात सरकारी महामंडळामार्फत होत असे, पण गोव्याच्या निर्यातदारांना त्यांचा जुना, थेट व्यापार चालू ठेवू दिला. नियोजनाच्या भर काळात मुरगावच्या धक्क्यावर खाजगी सौदे होत राहिले आणि ट्रस्टची पहिली काही दशके त्यावरच सुखात गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस यांत्रिक खनिज-भरणीचा मोठा धक्का तयार झाला तो याच जोरावर.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि भरणीचे पट्टे रिकामे फिरू लागले. त्या पोकळीत आयात कोळशाचे महत्त्व वाढले. तोही गोव्यासाठी नाही. तो तोरणगल्लूसारख्या ठिकाणच्या, म्हणजे १८७८ मध्ये ज्यांच्या नावाने रेल्वे मागितली गेली त्याच बळ्ळारी-होस्पेट पट्ट्यातल्या पोलाद कारखान्यांना जातो. आता दोन्ही मुलूख एकाच देशात आहेत, जकातीचा प्रश्न नाही, आणि बंदर केंद्र सरकारचे. कर्नाटकातल्या कारखान्यांना जवळचे बंदर हवे असणे गैर नाही, आणि बंदराला मालाशिवाय पगार काढता येत नाहीत. वास्कोतल्या घरांच्या गच्च्यांवर काळी पूड बसते, हेही तितकेच खरे. धक्क्याचे भाडे ठरवताना या पुडीची किंमत कुणाच्या खात्यावर धरायची हे कुठल्याच दरपत्रकात लिहिलेले नाही, आणि या बाबतीत ट्रस्टच्या आजवरच्या मंडळांनी वेळकाढूपणाच केला असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२० च्या नोव्हेंबरात कोळसा नेणाऱ्या या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्ध लोक रात्रीचे चांदरला रुळांवर जाऊन बसले. २०२१ च्या कायद्याने पोर्ट ट्रस्टचे पोर्ट अथॉरिटी झाले. दर ठरवण्याची मोकळीक वाढली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे टप्प्याच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. घाटात आजही मालगाडीला कुळ्याला जादा इंजिने जोडावी लागतात. तिथे रुळांची रुंदी मीटर गेजवरून ब्रॉड गेज झाली आहे. कंपनीने १८८८ मध्ये घातला तो मार्ग एकेरी होता, आणि न्यायालयाच्या त्या निकालाने घाटातले दुपदरीकरण तिथेच अडले.